गाण्याखालचं बोलणं

पडद्यावर नायिकेनं नायकाला दुसऱ्या मुलीला मिठी मारताना पाहिलं आणि ती भर पावसात गाडी काढून निघून गेली. ती दुसरी मुलगी त्याची बहीण निघणार हे मला कळलं होतं. माझ्या डाव्या बाजूला पॉपकॉर्न खात बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीलाही कळलं होतं. पुढच्या रांगेतल्या आजोबांनाही कळलं असावं, कारण ते शांत झोपले होते. फक्त नायिकेला कळत नव्हतं. तिनं एक फोन केला असता तर आम्ही सगळे वेळेवर घरी गेलो असतो.

माझ्या उजव्या बाजूला, ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो बसला होता. साखरपुड्यानंतर आम्ही पहिल्यांदाच नाशिकला पिक्चर बघायला आलो होतो. 'दोघंच कशाला, हिलाही ने,' म्हणून आईनं बहिणीला सोबत पाठवलं होतं. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मी आधीच उभी होते. पहिला अर्धा भाग मी खुर्चीत नीट बसलेच नव्हते. पाय दुमडत होते, सोडत होते, पर्स उघडून उगाच बंद करत होते.

"आवडला नाही का?" त्यानं विचारलं.

"ती आर्किटेक्ट आहे ना?"

"हो, मोठ्या कंपनीत."

"मग ती कामावर कधी जाते?"

तो हसला. "अगं, पिक्चर आहे."

"दाजी, ताईला पिक्चरमध्येसुद्धा हजेरीपट लागतो," बहीण म्हणाली.

मीही हसले. पण मला खरंच तेच खटकत होतं, कारण मला त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि ती कामावर जाण्याचीच होती. बहीण पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी म्हटलं, "मला जूनचं बोलायचं होतं. शाळेत विचारतायत."

"तू फक्त हसत राहा," तो म्हणाला. "बाकी सगळं मी बघतो ना."

दिवे मालवले. दुसऱ्या अर्ध्या भागात नायकानं नायिकेच्या हनुवटीला हात लावून जवळपास हेच वाक्य हिंदीत म्हटलं आणि मागून शिट्ट्या वाजल्या. मी अंधारात शेजारी बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी मन लावून बघत होता.

प्रश्न साधा होता. लग्नानंतर मी राहणार कुठे?

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. निफाडजवळच्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी आहे, आणि आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. मी बी.एस्सी. झाले त्या दिवशी वडिलांनी भर दुपारी गिरणी बंद केली आणि पिठानं पांढरे झालेले केस तसेच ठेवून गावभर पेढे वाटले. बी.एड.च्या वेळी माझ्या शाळेतल्या जुन्या बाईंनी स्वतःची पुस्तकं मला दिली, परत मागितली नाहीत. आई पहाटे उठून डबा द्यायची, बहिणीनं माझ्या वाट्याची घरकामं उचलली. एवढ्या लोकांनी मिळून मला त्या फळ्यासमोर उभं केलं होतं. तिथून खाली उतरणं मला एकटीनं ठरवता येण्यासारखं नव्हतं.

मुलाचं घर विंचूरला. घरात आई-वडील, थोडी शेती, कांद्याची चाळ. तो स्वतः पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. पाहण्याच्या कार्यक्रमात पोहे झाल्यावर मोठ्यांनी आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. मी विचारलं, "लग्नानंतर नोकरी केली तर चालेल ना?" तो लगेच म्हणाला, "नोकरीला आमच्याकडे कुणाचीच हरकत नाही." मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही. खाली येऊन आईला सांगितलं, आईनं वडिलांना, आणि सुपारी फुटली.

आमचे घरचे धरून चालले होते की मी नाशिकच्या शाळेतच राहणार. त्यांचे घरचे धरून चालले होते की मुलगी विंचूरला नांदायला येणार आणि तिकडेच कुठे तरी लागेल. कुणीही खोटं बोललं नव्हतं. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत मानपान, कपडे, वऱ्हाडाची माणसं, जेवणात गोड काय, सगळं अगदी खुलून बोलतात. मुलगी रोज सकाळी कोणत्या गावात उठणार, एवढंच राहून जातं.

मला ते साखरपुड्याच्या दिवशी कळलं. त्याची आत्या माझ्या गालाला हळद लावत म्हणाली, "विंचूरच्या शाळेत आपली वळख हाय. चिकटवून टाकू तुला." मी हसले, कारण फोटोवाला समोर होता. आणि इकडे मुख्याध्यापिका विचारत होत्या, "जूनला आहात ना तुम्ही? नसाल तर फेब्रुवारीअखेर सांगा. मला दुसरं कुणी शोधावं लागेल. दहावीची मुलं आहेत."

मग मी त्याला फोनवर विचारलं, मेसेज करून विचारलं. उत्तरात लाल फुगे आले. हातात बदाम धरलेलं अस्वल आलं. एकदा शाळेच्या पत्त्यावर गुलाबांचा गुच्छ आला, तो दहावी 'ब'नं पाहिला, आणि त्या तासाला प्रकाशाचं अपवर्तन शिकवणं मला काही जमलं नाही. मैत्रिणी म्हणाल्या, नशीबवान आहेस. मी गुलाब स्टाफरूमच्या माठाशेजारी ठेवले आणि दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसले.

मला हिंदी पिक्चरांचा पहिल्यापासून राग होता असं कुणी समजू नये. गिरणीच्या मागच्या खोलीत आमचा टीव्ही होता. दळण चालू असलं की संवाद ऐकू यायचे नाहीत, नुसतं चित्र दिसायचं. दळणाला आलेल्या बायका दारातून डोकावून विचारायच्या, "काय म्हणला गं तो?" मी ओठांवरून अंदाज बांधून सांगायची, "म्हणतो, तुझ्याशिवाय जगू शकत नाही." "दुसरं काय म्हणणार मेला," असं म्हणून त्या पीठ घेऊन जायच्या. पण त्याच पिक्चरांत मी पहिल्यांदा वह्या छातीशी धरून कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुली पाहिल्या. आमच्या घरात कुणी कॉलेज पाहिलंच नव्हतं. मला त्यांचे कपडे नको होते, त्यांचे नायकही नको होते. मला ते पायऱ्यांवर बसणं हवं होतं. निफाडच्या कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मुद्दाम पायरीवर बसले. पायरी उन्हानं तापली होती, तरी बसून राहिले.

म्हणूनच आता जास्त लागतं. तेव्हा त्यांनी मला काही तरी दाखवलं होतं. आता ते नुसते चकाकतात. स्वयंपाकघर आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेएवढं, पण त्यात गॅसची टाकी नाही, ओट्यावर एक खरकटी वाटी नाही. नायिकेला नोकरी आहे पण डबा नाही. प्रेमातला अडथळा म्हणजे एखादा गैरसमज किंवा परदेशातून आलेला दुसरा मुलगा. दोघांची गावं वेगळी आहेत, दोघांच्या आया थकल्या आहेत, सकाळची बस चुकली तर पहिला तास बुडतो, असला अडथळा तिथे कुणालाच येत नाही. बोलायची वेळ आली की गाणं सुरू होतं आणि गाणं संपतं तेव्हा प्रश्न मिटलेला असतो. कसा मिटला, ते कुणी दाखवत नाही. मला नेमकं तेवढंच बघायचं असतं, म्हणून मी खुर्चीत चुळबुळत राहते.

मग प्री-वेडिंगचं निघालं. आमच्या भागात हल्ली साखरपुडा आणि हळद यांच्यामध्ये हाही एक विधीच झाला आहे. गाण्यावर दोघांचा व्हिडिओ काढायचा आणि लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावायचा. मला नको होतं, पण तो म्हणाला, "सगळेच करतात गं." त्याच्या एका मित्राची निफाडच्या बाजूला द्राक्षबाग होती. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, घड उतरायला आलेले. व्हिडिओवाल्यानं माझ्यासाठी भाड्याचा लाल गाऊन आणला. तो माझ्या दुप्पट होता, म्हणून मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. समोरून मी राजकन्या होते, मागून दोरीवरची चादर.

बागवाला मित्र आमच्या मागे मागे फिरत होता. "वहिनी, घडाला गाऊन घासू देऊ नका हां. मण्यावरची पांढरी पावडर पुसली की व्यापारी नाक मुरडतो." व्हिडिओवाल्यानं रंगीत धुराची नळकांडी बाहेर काढली तेव्हा तर तो आडवाच आला.

"धूरबीर नाय हां! माल बाहेरदेशी जायचाय माझा."

"अहो, सगळ्या बागांत करतो आम्ही."

"मग त्या बागांत जा."

नळकांडी परत पिशवीत गेली. मग मी वेलींच्या ओळीतून पळत यायचं आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्यानं वळून बघायचं असं ठरलं. मांडवाच्या तारा खाली होत्या. तो वळला की त्याच्या डोक्याला तार लागायची.

"ताई, पळा, पण पळू नका!" व्हिडिओवाला ओरडला.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे हवेत असल्यासारखं!"

चिमटा निसटला, परत लावला. मी पुन्हा पळाले, तो पुन्हा वळला. माझं सगळं लक्ष महिना संपत आल्याकडे होतं. शेवटी व्हिडिओवाल्यानं आम्हाला दोन ओळींच्या मध्ये चटईवर समोरासमोर बसवलं आणि कॅमेरा घेऊन लांब गेला.

"आता बोला एकमेकांशी."

"काय बोलू?" मी विचारलं.

"काहीपण बोला. पाढे म्हणा. आवाज आपण काढूनच टाकणार, वरून गाणं टाकायचंय. फक्त ओठ हलले पाहिजेत आणि चेहऱ्यावर प्रेम पाहिजे. हसत राहा!"

समोर बसलेला तो लाजला. "बे एके बे," म्हणाला.

"बे दुणे चार," मी म्हटलं आणि एकदम लक्षात आलं की इथे फोन नाही, फुगे नाहीत, बहीण नाही. हा समोर बसला आहे आणि त्याला उठून जाता येणार नाही.

"लग्नानंतर मी कुठे राहणार?" मी हसत विचारलं.

"आत्ता? इथं?"

"इथंच. आवाज काढून टाकणार आहेत."

"मस्त!" लांबून आवाज आला. "दादा, तुम्हीपण बोला! ताईंचं एकटीचंच चाललंय."

"आईला वाटतंय तू विंचूरला येणार," तो हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाला.

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"माझं काय..."

"तुम्ही घरी विचारलंय का?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"दादा, हात धरा ताईंचा! असा नाही, हळू!"

त्यानं माझा हात धरला. त्याचा तळवा घामानं ओला होता.

"ही नाशिकला राहणार म्हटलं की आई विचारणार, मग तू कुठं राहणार?" तो खाली बघत बोलायला लागला. "पिंपळगाव नाशिकहूनच सोपं पडतं. म्हणजे मीपण घर सोडणार. मग तिथं उरलं कोण? ते दोघंच. हे माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून तुला गुलाब पाठवत बसलो."

"गुलाबानं काय होणार होतं?"

"पिक्चरमध्ये होतं ना."

तो थट्टा करत नव्हता. त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला रागही धरता येईना. इतके दिवस मी ज्याला टोलवाटोलवी समजत होते ती त्याची घाबरगुंडी होती, आणि घाबरलेल्या माणसानं काय करायचं हे त्याला पडद्याशिवाय कुणीच शिकवलं नव्हतं. पण म्हणून माझा प्रश्न सुटत नव्हता.

"ताई, स्माईल! काय झालं? भांडताय की काय?"

"नाही हो, पाढा विसरलो," तो ओरडून म्हणाला.

"मी नोकरी सोडणार नाही," मी पुन्हा हसत म्हटलं. "तुम्हाला विचारता येत नसेल तर मी विचारते. आज."

"आज? लग्नाआधी तू आमच्या घरी येणार?"

"उंबऱ्याबाहेर थांबेन."

"कट!" व्हिडिओवाला खूश होऊन पळत आला. "दादा, शेवटचं काय एक्स्प्रेशन दिलं तुम्ही! एकच नंबर!"

आमच्याकडे लग्न ठरलेली मुलगी लग्नाआधी सासरी पाऊल टाकत नाही. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप ओलांडूनच आत जायचं. गाडीवरून विंचूरला पोचेपर्यंत मला शंभरदा वाटलं, परत फिरावं. मी गाऊन बदलून पंजाबी ड्रेस घातला होता, पण चेहऱ्यावरचा रंग पाण्यानं निघाला नव्हता आणि फवारा मारून कुरळे केलेले केस हेल्मेट काढलं तरी हलत नव्हते.

त्याची आई अंगणात कांदे निवडत बसली होती. क्षणभर तिनं मला ओळखलंच नाही.

"कोण हाय रे ही? अगं बया! तू? हे काय केलंय केसांचं?" मग तिनं घाईनं घराकडे पाहिलं. "आत ये म्हणता येत नाय तुला. थांब."

तिनं आतून प्लास्टिकची खुर्ची आणली, पाणी आणलं. ती स्वतः कांद्यांपाशी जमिनीवर बसली, मग मलाही खुर्चीवर बसवेना. मी तिच्यासमोर खाली बसले.

"काय झालं? यानं काय केलं का?"

"नाही मावशी," मी म्हटलं, आणि थांबले. मीच बोलायला आले होते, पण त्यानं आधी बोलावं असं मला फार वाटत होतं. तो गाडीच्या आरशाशी चाळा करत उभा होता. मग एका दमात म्हणाला, "आई, ही शाळेसाठी नाशिकलाच राहणार. आणि मीपण."

तिनं हातातला कांदा चांगल्यांच्या ढिगात टाकला. दुसरा उचलला.

"कधी ठरलं हे?"

"आजच."

"आज तर तुमी फोटो काढाया गेला व्हता."

"हो."

"मंग फोटो काढता काढता घर मोडायचं ठरवलं व्हय?"

"मावशी, घर मोडायचं नाही," मी म्हटलं. "आमच्या गावाहूनच मी जेमतेम पोचते. विंचूरहून मी सकाळच्या शाळेला रोज पोचू शकत नाही, आणि ती नोकरी मला सोडायची नाही. ती मिळवायला माझ्या घरचे सगळे झिजलेत. हे तुम्हाला लग्नाआधी माहीत पाहिजे. नंतर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, फसवलं."

"म्हणले असतेच."

"म्हणून आले. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा." हे वाक्य मी बोलले, पण बोलताना मला गिरणीच्या दारात उभे असलेले वडील दिसत होते, आणि छापून आलेल्या पत्रिका.

तिनं एक नासका कांदा बाजूला फेकला. मग मुलाकडे वळली. "तुझ्या तोंडात मूग व्हते का रे इतके दिवस? ह्या पोरीला यावं लागलं." मला म्हणाली, "मी आत्ता काय सांगत नाय. यांना बाजारातून येऊ दे. लय वाईट वाटलंय मला, ते बी सांगून ठेवते." निघताना तिनं पिशवीभर कांदे माझ्या हातात दिले. "ओटी भरता येत नाय अजून. रिकामी कशी धाडू?"

त्यानंतरचे दिवस मी नीट जेवले नाही. वर्गात एकच आकृती दोनदा काढली. वडिलांना मी सगळं सांगितलं होतं. ते "बघू" म्हणाले आणि गिरणीत जाऊन बसले. मुख्याध्यापिकांकडून मी आणखी थोडी मुदत मागून घेतली. मध्येच व्हिडिओवाल्यानं व्हिडिओचा तुकडा पाठवला. द्राक्षांचे घड, ऊन, गाणं, आणि चटईवर आम्ही दोघं हातात हात घालून बोलतोय. बहिणीनं तो पुन्हा पुन्हा लावला.

"ताई, इथं दाजी काय म्हणत होते गं? किती प्रेमानं बघतायत!"

"पाढे म्हणत होते," मी म्हटलं. ती रुसली.

मग एका दुपारी फोन आला, थेट त्याच्या आईचा.

"खोली बघितली का तुमी नाशिकला?"

"नाही अजून."

"मंग बघू नका. मी येते. तुमाला काय कळतंय."

ती येष्टीनं आली. तो पिंपळगावहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. पहिल्या खोलीत अंधार होता, ती दारातूनच वळली. दुसऱ्या ठिकाणी मालकीणबाईंनी विचारलं, "लग्न झालंय ना?" "व्हायचंय," त्याची आई म्हणाली, "पण माझं झालंय. मी बघाया आलेय." तिसऱ्या ठिकाणी दोन खोल्या होत्या. तिनं नळ सोडून बघितला, ओट्यावरून हात फिरवला, संडासात डोकावली. मग आतल्या खोलीच्या मधोमध उभी राहिली.

"मी आले की कुठं निजायचं?"

मला वाटलं होतं ती भाडं विचारेल, शाळा किती लांब ते विचारेल. मी गडबडून म्हटलं, "इथं. खिडकीपाशी."

"वारं लागतं. गुडघे धरतात माझे."

"मग ह्या भिंतीकडे. आम्ही बाहेरच्या खोलीत."

"यांना बी आणलं तर?"

"तरी मावेल," तो म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" ती त्याला म्हणाली. भिंतीला टेकून ती जरा वेळ तिथेच उभी राहिली. तिचं वाईट वाटणं गेलं नव्हतं, ते दिसत होतं. मग ती जिन्यात उभ्या असलेल्या मालकीणबाईंकडे गेली.

मी गॅलरीत येऊन मुख्याध्यापिकांना फोन लावला. "जूनला मी आहे," म्हटलं. त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि वेळापत्रकाबद्दल काही सांगायला लागल्या. तेवढ्यात आतून हाक आली.

"ए पोरी, इकडं ये. ह्या म्हणतात, पाणी सकाळचं एकदाच येतंय. चालंल का तुला? नीट इचार करून सांग. राहायचं तुला हाय."